बिनव्याजी मुदत

“पण मॅडम, ते तुमच्यावर नव्हतंच,” ती म्हणाली आणि एकदम गप्प झाली, बोलायला नको होतं ते तोंडातून निसटल्यासारखी. दुपारचे अडीच वाजले होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगामागे बसून, फोन खांद्याने कानाशी दाबून एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला डिंक लावत होते. ती म्हणजे अंकिता, एका बँकेतली. आडनाव तिने सांगितलं नव्हतं, त्या सांगत नाहीत. माझ्या क्रेडिट कार्डावर जी बाकी आहे तिची बिनव्याजी मुदत आज संपते, उद्यापासून तिला व्याज लागेल, तेव्हा ती बाकी आमच्या कार्डावर घ्या, पुढचे सहा महिने पुन्हा शून्य टक्के, फक्त संध्याकाळी सहापर्यंत ‘हो’ म्हणा, हे सांगायला तिने फोन केला होता. अशी बाकी एका बँकेच्या कार्डावरून दुसऱ्या बँकेच्या कार्डावर मी याआधी दोनदा हलवली आहे. दोन्ही वेळा पहिल्या मिनिटात ‘हो’ म्हटलं होतं. आज का कोण जाणे, म्हटलं, “शुल्क कसं लागतं ते मला नीट समजावून सांगा. मला घाई नाही.”

“व्याज झिरो, मॅडम. फक्त प्रोसेसिंग फी तीन टक्के.”

“दर महिन्याला?”

“वन टाइम. आणि त्या फीवर अठरा टक्के जीएसटी.”

“एक लाख एकोणऐंशी हजारांवर किती होतात?”

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. “सहा हजार तीनशे छत्तीस रुपये साठ पैसे. ते पहिल्या बिलातच लागतात.”

“आणि त्या कार्डावर मी किराणा घेतला तर?”

“नका घेऊ, मॅडम.”

“का?”

“जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. घेतल्या दिवसापासून व्याज, महिन्याला साडेतीन टक्के. आणि तुम्ही जे भरता ते आधी कराला जातं, मग फीला, मग व्याजाला, उरलं तर मूळ रकमेला. खूप कस्टमरना हे माहीत नसतं.”

“मलाही नव्हतं.”

“अटींमध्ये असतं, मॅडम.”

“हो. असणारच.”

मग तिनेच विचारलं. कदाचित माझा आवाज ऐकून, कदाचित तिचं जेवण व्हायचं होतं आणि तिला कुणाशी तरी साधं बोलायचं होतं. “दोनदा एवढी फी भरलीत, मॅडम. मुळात कशाची होती अमाउंट? राग नका मानू.” मी सांगितलं, वडिलांच्या कार्डाची; ते गेल्यावर मी माझ्यावर घेतली. “गेल्यावर म्हणजे... वारल्यावर?” हो, सतराव्या दिवशी. तेव्हा ती ते वाक्य बोलली, की ते माझ्यावर नव्हतंच. नंतर आवाज खाली आणून, भरभर, तिने सांगितलं की कार्डाचं कर्ज असं मुलांच्या खिशावर येत नाही. माणूस मागे काही ठेवून गेला असेल तर बँक त्यातून मागते, नसेल तर बुडीत धरते. त्यांना फक्त मृत्यूचा दाखला पाठवायचा होता. “कॉल रेकॉर्ड होतो मॅडम, मी जास्त नाही बोलू शकत. एक दुसरा मार्ग आहे, ही बाकी आमच्याकडे घेऊन तिचे हप्ते करायचे. त्याला व्याज लागतं, सोळा टक्के, पण चोवीस महिन्यांनी संपतं. आठ हजार सातशे पासष्टचा हप्ता येईल. तेवढे महिने कार्ड वापरायचं नाही. मी सहाला फोन करते. विचार करून ठेवा.”

विचार करून ठेवा. डिंक वाळून बोटांवर त्याची पापडी धरली होती, ती मी नखाने सोलत बसले. कॉलेजातले सगळे माझ्याकडे कागद घेऊन येतात. विम्याचे अर्ज, भाड्याचे करार, शिपायाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अटी. विनिता मॅडम वाचतात, बारीक अक्षरातलंही वाचतात. खरं आहे, मी तळटीपा वाचते, शुद्धिपत्रं वाचते, पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा छापखान्याचा पत्तासुद्धा वाचते. आणि बाबा गेल्यावर सतराव्या दिवशी याच खुर्चीत बसून मी एका अनोळखी पोराला फोनवर ‘हो’ म्हटलं होतं, त्याने पाठवलेलं अटींचं पान न उघडता. त्यानेच मला सुचवलं होतं, की बाबांच्या खात्यावर माझ्या नावाचं जोडकार्ड आहे ना, मग त्याचा नंबर द्या, काही अडत नाही. खरंच काही अडलं नव्हतं. आज वाटतं, एखाद्या ठिकाणी तरी अडायला हवं होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं की बाई, जरा थांबा, हा माणूस आता नाही. पण आकड्याला ते कळत नाही. आकडा बाबांच्या नावाखालून निघाला आणि माझ्या नावाखाली येऊन बसला, आणि त्यात मधे कुठेही बाबा गेल्याची नोंद नव्हती. मला तेव्हा तेच बरं वाटलं असावं.

बाबांनी कार्ड घेतलं ते निवृत्तीच्या वर्षी. आयुष्यभर कंटेनर यार्डात कारकुनी केली, लोकांच्या मालाच्या नोंदी ठेवल्या, आणि घरी मात्र रोख पैशांशिवाय कशाला हात लावला नाही. त्यांच्या आधीच्या पिढ्या मिठागरात होत्या. मग मिठागर गेलं, शेवटी विमानतळासाठी गावच गेलं आणि आम्ही करंजाडेला आलो. फ्लॅट आईच्या नावावर झाला. तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्यावर बाबांना एकदम शहरी गोष्टींची हौस आली: खिडकीला पट्ट्यांचे पडदे, फिरायला जाताना पांढरे बूट, आणि हे कार्ड. दुकानात बाबा ते दोन बोटांत असं धरायचे, की जणू ओलं आहे. माझ्या नावाचं जोडकार्ड त्यांनीच काढून दिलं. “तुला पुस्तकां घेवाला,” म्हणाले. मी ते एकदाही वापरलं नाही. घरी आम्ही बाबांना अरे-तुरेच करायचो, आमच्यात तसंच करतात. लिहिताना मात्र माझ्याकडून ‘ते’ होतं. मेलेल्या माणसाला आपण नकळत अंतरावर नेऊन ठेवतो, की पुस्तकांमुळे मला ही सवय लागली, सांगता येत नाही.

हॉस्पिटलच्या काउंटरवर अनामत रक्कम त्यांनी स्वतः भरली, स्वतःलाच दाखल करून घेण्याची. छातीला हात लावून उभे होते आणि मशीनवर चार आकडे दाबताना मला म्हणाले, तिकडं बग. मी मान वळवली. दुसऱ्या दिवशी दुपारी, आई जेवायला गेली होती तेव्हा, त्यांनी मला पलंगाजवळ बोलावलं आणि कार्डावर काय काय आहे ते क्रमाने सांगितलं. यार्डातल्या माणसासारखं, एकेक नग. हॉस्पिटलचे पन्नास हजार. आईच्या डोळ्यात घातलेलं चांगल्यातलं भिंग, जे तिला सरकारी योजनेतलं म्हणून सांगितलं होतं. आणि कल्पेशच्या टेम्पोचे सहा हप्ते. माझा धाकटा भाऊ कल्पेश उलव्याला राहतो, तिथल्या बांधकामांवर लाद्या पोचवतो. त्याचं काम सहा महिने बंद पडलं होतं, टेम्पो इमारतीखाली उभा होता, आणि बाबांनी त्याला सांगितलं होतं की फायनान्सवाला यार्डातला ओळखीचा आहे, सहा महिने थांबेल. फायनान्सवाला थांबला नव्हता. दर महिन्याच्या सात तारखेला बाबा फोनवरून हप्ता भरत होते. “कार्डाचा कोनाला सांगू नको, विनी. कल्पेशला कलला तर तो गाडी इकल. त्याला वाटू दे त्याची त्यानीच चालवली.” मी मान हलवली. नर्स आली. त्यानंतर चार दिवस ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते, आणि पाचव्या दिवशी ते नव्हतेच.

एवढंच झालं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते, बँकेने पत्रं पाठवली असती, कधीतरी कुणी दाखला मागितला असता आणि सगळं आपोआप मिटलं असतं. पण दहावा आला. दहाव्याला आमच्याकडे बायका घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर थांबतात. गाव होतं तेव्हा हे सगळं खाडीवर व्हायचं. आता गाढी नदीचा काठ, सिमेंटच्या पायऱ्या, पलीकडे इमारती. भाताचा पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. कावळे होते, भरपूर होते, तारेवर ओळीने बसले होते, आणि एकही खाली येत नव्हता. कल्पेशने हात जोडले. “बाबा, आईला मी बगीन.” काही नाही. “बाबा, वरसाचा कार्य मी नीट करीन.” काही नाही. ऊन चढलं. भटजींनी घड्याळ पाहिलं. बाबांचे थोरले भाऊ काशिराम काका म्हणाले, “या नदीवरचे कावले आपल्याला वलखीत नाय. आपले कावले खाडीवर रायले.” दोघे-तिघे हसले. कल्पेश आता काहीही बोलत होता, देवाला नेईन, दारू सोडीन, जी तो पीतच नव्हता. मग काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “विनिते, शेवटचा तुज्याशी बोलत व्हता ना? तू बोल.” मी तीन पायऱ्या उतरले. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मला भाताचा वास येत होता आणि पायाखालचं सिमेंट भाजत होतं. मी म्हटलं, “बाबा, तुझ्या कार्डाचं मी बघते.” आणि तारेवरचा एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ गेला आणि त्याने चोच लावली.

मी अशा गोष्टी मानत नाही, असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं. अजूनही वाटतं. आत्ता कुणी विचारलं तर मी सांगेन की कावळा भुकेला होता आणि वारा पडला होता. पण मानणं म्हणजे काय डोक्यानेच असतं? आईने तिथेच पायरीवर बसून मोठ्याने श्वास सोडला, तो दहा दिवसांत सोडला नव्हता असा. कल्पेशने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मी तेव्हा असा लावला की बाबांनी मला सांगितलं आणि त्याला सांगितलं नाही, म्हणून तो दुखावला आहे. परत येताना टेम्पोत तो एवढंच म्हणाला, “कार्डाचा काय?” मी म्हटलं, हॉस्पिटलचे थोडे होते. त्यानंतर तो पुन्हा विचारायला आला नाही. हळूहळू यायचाच बंद झाला. सणाला आला तर चपला न काढता दारातून आईला पिशवी द्यायचा. एकदा आईने गॅस संपल्याचं सांगितलं तर म्हणाला, “तुज्या कार्डवालीला सांग ना.” आई माझ्यासमोर ते बोलून हसली होती, मीही हसले होते.

सतराव्या दिवशी बाकी माझ्या नव्या कार्डावर आली आणि आठवड्याभरात बाबांच्या बँकेचं पत्र आलं: श्री. कमळाकर यांच्या खात्यावर कोणतीही बाकी नाही. आईने ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, जमिनीच्या कागदांसोबत ठेवलं. इमारतीतल्या बायकांना, गावच्या बायकांना, बांगडीवाल्या दमयंतीमावशीला, सगळ्यांना तिने ते काढून दाखवलं. माज्या पोरीनी बापाचा फेडला. मला त्या पत्राकडे बघून विलक्षण हलकं वाटलं होतं. अंगात ताप असताना कुणी कपाळावर ओला रुमाल ठेवावा तसं. पहिल्याच बिलात सहा हजार पाचशे तेरा रुपये साठ पैसे शुल्क आलं आणि मला ते थोडं वाटलं. आणखी सहा महिने काही नाही. सहा महिन्यांत बघू. मी दर महिन्याला नऊ हजार भरायचे आणि भरले की छातीत काहीतरी जागेवर बसल्यासारखं व्हायचं. महिन्यातून एकदा बाबांशी बोलणं झाल्यासारखं. पण अडतीस हजार पगारातून नऊ गेले, आईची औषधं, सोसायटी, वीज, आणि वीस तारखेला पाकिटात शंभराच्या दोन-तीन नोटा उरायच्या. मग मी तेच कार्ड काढायचे. तांदूळ, तेल, आईच्या गोळ्या, गॅस. इकडून नऊ भरायचे आणि तिकडून सात घ्यायचे. दुकानदार मशीन पुढे करायचा, मी चार आकडे दाबायचे, आणि दाबताना मागच्या माणसाने मान वळवावी असं मला वाटायचं. सहा महिने संपत आले तेव्हा फोन आला, दुसरी बँक, दुसरं कार्ड, पुन्हा शुल्क, पुन्हा शून्य, या खेपेला आठ महिने. त्या शून्याची मला सवय झाली होती. त्यात काही ठरवायचं नसतं. त्यात कुणाला काही सांगायचं नसतं. एखाद्या प्रतीक्षागृहात बसावं, दिवे चालू, पंखा चालू, आणि आपली गाडी कुठली हे कुणी विचारू नये, तसे चौदा महिने गेले.

साडेचारला ग्रंथालय बंद करायच्या आधी मी पुस्तकांच्या नोंदीसाठीच्या एका कोऱ्या सूचिपत्रावर आकडे मांडले. सुरुवातीची बाकी एक लाख चौऱ्याऐंशी हजार. मी आतापर्यंत भरलेले एक लाख सतरा हजार. कार्डावरून घरात आलेले नव्वद हजार. दोनदाचं शुल्क बारा हजार सातशे. किराण्यावरचं व्याज नऊ हजारांच्या वर. आजची बाकी एक लाख एकोणऐंशी हजार. चौदा महिन्यांत आकडा पाच हजारांनी खाली आला होता. मला आकड्याची भीती नाही वाटली. भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मी प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि त्यात बाबा कुठे सापडेनात. त्यांचं खातं सतराव्या दिवशीच बंद झालं होतं. पत्र कपाटात होतं. त्यांची हॉस्पिटलची अनामत, आईचं भिंग, टेम्पोचे हप्ते, सगळं त्या एका दुपारी पुसलं गेलं होतं. त्यानंतर मी जे इकडून तिकडे हलवत होते, ज्यासाठी जुने कपडे घालत होते, ज्यासाठी दर महिन्याला जपमाळ ओढावी तसे नऊ हजार भरत होते, ते माझं होतं. तांदूळ, तेल, गोळ्या, शुल्क, शुल्कावरचा कर. बाबांशी माझं बोलणं होत नव्हतं. मी चौदा महिने एका बंद झालेल्या खात्याशी बोलत होते.

करंजाडेची शेअर रिक्षा स्टेशनच्या बाजूने वळून उभी असते. चौथी सवारी येईपर्यंत ती हलत नाही. मी कडेला बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत ते सूचिपत्र. बाजूच्या बाईच्या पिशवीतून ओल्या मेथीचा वास येत होता. मी दोन्ही रस्ते मनात चालून पाहिले. सहाला ‘शून्य’ म्हटलं की सहा हजार तीनशे छत्तीस जातील आणि पुन्हा सहा महिने मिळतील. आजची संध्याकाळ नेहमीसारखी होईल, आई भाकऱ्या करेल, मी पुस्तक घेऊन बसेन. ‘हप्ते’ म्हटलं की एकतीस हजारांच्या वर व्याज जाईल, पण शेवटची तारीख कागदावर येईल. मात्र मग कार्ड बंद, आणि वीस तारखेनंतर घरात पैसे नाहीत. म्हणजे आईला सांगायला हवं, म्हणजे कल्पेशकडे मागायला हवं, म्हणजे तो विचारणार की बाबांच्या कार्डावर एवढं होतं काय. आणि ते सांगायचं नाही असं मी मान हलवून कबूल केलं होतं. एका बाजूला घाटावरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पलंगाजवळचा. दोन्ही एकाच माणसाला दिलेले. मधे मी, आणि चौदा महिने मी जागची हलले नव्हते. डोक्यावरून विमान गेलं, चाकं बाहेर काढलेलं, इतकं खाली की रिक्षावाल्याने बोलणं थांबवलं. आमच्या घराच्या जागी आता धावपट्टी आहे की नुसतं गवत, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसली होती. “काय गं, आज तोंड उतरलाय?” मी पाणी प्यायले. घरी आले की माझी भाषा आपोआप बदलते, पण आज शब्दच सापडेनात; शेवटी सूचिपत्र तिच्यासमोर ठेवलं, जणू तिला वाचता येतं. मग सांगितलं, भिंगाचं आणि टेम्पोचं तेवढं सोडून. ती हात न थांबवता ऐकत होती. काटे एकीकडे, सुकट एकीकडे.

“किती?” तिने विचारलं.

“एक लाख एकोणऐंशी हजार.”

आता तिचे हात थांबले. “आन तो कागद? बँकेचा? मी दुनियेला दाखवत फिरले. म्हंजे मी खोटा बोलले?”

“नाय आई. कागद खरा हाय. बाबाचा तवाच फिटला. सतराव्या दिवशी.”

“मंग तू काय भरतेस?”

मी सूचिपत्रातली ‘घरात आलेले नव्वद हजार’ ही ओळ वाचून दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळ्यात घातलेल्या त्या भिंगातून, आणि मला वाटलं की आता ती रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, “दोन वरसां आपन कर्जावर जेवलो आन मला वाटला तुजा पगार चांगला हाय.”

“सवा वर्ष.”

“आता मला शिकव हिशोब,” ती म्हणाली. पदराला हात पुसले, स्वतःचा फोन घेतला आणि मी नको म्हणेपर्यंत कल्पेशला लावला. “हलो, कल्पेश? मी बोलतंय. विनीला पैसं लागतात... नाय, बाबाचा नाय. तिचा. ती सांगल.” आणि फोन माझ्यापुढे धरला. भिंतीवरच्या घड्याळात सहाला आठ मिनिटं होती.

पलीकडे कुठल्यातरी इमारतीवर काम चालू होतं, लाद्या कापण्याचं यंत्र किंचाळत होतं. मी मोठ्याने, पाठ केल्यासारखं सांगितलं, की घरखर्चाचं कर्ज झालंय, माझं झालंय, मी ते फेडीन, फक्त दोन वर्षं वीस तारखेनंतरचा किराणा आणि आईच्या गोळ्या त्याने बघाव्यात. बाबांचं त्यात काही नाही. तो ऐकत होता की नाही कळेना. मग यंत्राचा आवाज हळूहळू लांब गेला. तो चालत बाजूला आला असावा.

“विनी,” तो म्हणाला. “माज्या गाडीचे सहा हप्ते कोनी भरले ता मला म्हाईत हाय.”

“कवापासून?” मी विचारलं.

“बाबा गेल्यावर मी फायनान्सच्या हाफिसात गेलो, थकलेला भराला. बोलले, तुमचा काय थकलेला नाय. कागद काडून दिला. सहा हप्ते. मी त्यांना बोललो, चुकीचा असल. परत बगा. त्यांनी परत बगला.”

“मग तू बोललास का नाय?”

“काय बोलू? घाटावर सगल्या दुनियेसमोर मी आईला बगीन, कार्य करीन बोलतोय, आन कावला बसून हाय. त्याला काय ऐकाचा व्हता ता तुला म्हाईत व्हता, मला नाय. आन नंतर कलला तवा काय तोंड घेऊन येऊ? चपला काडून घरात बसाची पन लाज वाटाची मला. आन तू तरी कवा बोललीस?”

पलंगावर ठेवलेला माझा फोन वाजायला लागला. आईने तो उचलला, पडद्यावरचा नंबर दूर धरून पाहिला आणि माझ्याकडे आणून दिला. मी कल्पेशला म्हटलं, ठेवू नको, आणि माझा फोन स्पीकरवर टाकला.

“गुड इव्हिनिंग मॅडम, अंकिता बोलतेय. काय ठरलं? झिरो करायचं की हप्ते?”

“हप्ते.”

“व्याज लागेल मॅडम. सोळा टक्के, चोवीस महिने. नक्की ना?”

“लागू दे.”

“ठीक आहे. मग मी अटी वाचून दाखवते, मधे काही नाही कळलं तर थांबवा,” ती म्हणाली आणि वाचू लागली. मी तिला चार ठिकाणी थांबवलं. पाचव्या ठिकाणी आईच्या फोनवरून कल्पेश म्हणाला, “थांब, ता परत वाचाला सांग. मला नीट ऐकाला नाय आला.”